टिप कुणाची, पातं कुणाचं : आमच्या कारखान्याची वाटचाल

उजेडाच्या तलवारी, म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्यासारख्या लाइटसेबर, करणारे आता पुण्यात बरेच झालेत. मूठ कुणीही करतं. ॲल्युमिनियमचा पाइप घ्या, लेथवर चार खाचा मारा, बटण बसवा, आत आवाज काढणारा तयार साउंड बोर्ड टाका, झालं काम. पॉलिकार्बोनेटची नळीही बाजारात मिळते. पण पात्याचं शेवटचं दीड इंच, म्हणजे टिप, तिथं भल्याभल्यांची हुशारी संपते. आमची फर्म त्या दीड इंचावर उभी राहिली आणि त्याच दीड इंचापायी एकदा बुडायला आली होती. त्या प्रकरणाची भलतीच हकिगत, की आमच्याच मालाच्या टिपा उडतात, अजून लोक एकमेकांना सांगतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मूळ धंदा ॲक्रिलिकचा. भोसरीत भाड्याची शेड, दुकानांच्या पाट्या, डॉक्टरांच्या नावाची अक्षरं, शाळांच्या ट्रॉफ्या. फ्लेक्स आला आणि पाटीचा भाव पडला. ट्रॉफीवर दिवस काढत होतो. २०११ मध्ये कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांचा मेळा, भारतात सुरू झालं, दिल्लीला आणि मग मुंबईला, आणि त्यानंतर कॉलेजची पोरं चित्रविचित्र कामं घेऊन यायला लागली. कुणाला चिलखत हवं, कुणाला शिरस्त्राण. एकजण तुटकी विदेशी तलवार घेऊन आला. टिप निघाली होती, बाकी ठणठणीत. म्हणाला, "काका, एवढं टोक करून द्या." ॲक्रिलिकचा २५ मिलिमीटरचा रॉड पडलेलाच होता. टोक करून दिलं. नंतर त्याचे मित्र आले, मग मित्रांचे मित्र.

गंमत अशी की ज्या चित्रपटामुळे हे वेड जगभर पसरलं, त्याला स्वतःला टिपचा त्रास नव्हताच. १९७७ साली सेटवर जी दांडी वापरली तिला प्रकाश परतवणारी टेप लावून ती मोटरवर फिरवली होती, आणि चकाकी नंतर एकेका फ्रेमवर रंगवून चढवली. नायकाची मूठ म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी. पडद्यावर पातं कशावरही आपटा, टोक काही उडत नाही. आमच्याकडे उडतं.

सुरुवातीला सगळं काम इन-हिल्ट दिव्याचं. मुठीत एकच जबरी एलईडी, त्यावर लेन्स, वर पोकळ नळी, नळीत प्रकाश पसरवणारी फिल्म. उजेड खालून वर जातो आणि वर जाता जाता मरतो. म्हणून टिपच्या बुडाला आरशासारखी चकती लावतात, ती उजेड खाली परतवते. तयार पात्यांत ही चकती अख्खी असते, त्यामुळे पातं उजळतं पण टोक काळं राहतं. चकती काढली तर उलटं. टोक बॅटरीसारखं डोळ्यात घुसतं आणि त्याखालचं वीतभर पातं फिकं पडतं. आम्ही चकतीला मधोमध भोक पाडलं. पंचाने ४ मिलिमीटर, कधी ५. कडेचा आरसा पात्याला उजेड देतो, मधलं भोक टोकाला. टिपचं आतलं तोंड ४०० नंबरच्या वॉटर पेपरने गोल गोल घासून दुधी करायचं, सरळ घासलं तर रेघा दिसतात. बाहेरून मात्र ८००, १२००, मग कापडी बफ. एवढं केलं की टोक आणि पातं एका जिवाचं दिसतं.

आमचा लेथ जुना आहे, त्याच्या आधीच्या मालकाने त्यावर पंपाचे शाफ्ट काढले. पण चक, म्हणजे माल पकडणारा जबडा, अजून सच्ची आहे. ॲक्रिलिक टर्न करताना टूलला धार हवी आणि फीड हळू. घाई केली की माल वितळून टूलला चिकटतो आणि सगळा पृष्ठभाग ओरबाडला जातो. नवीन पोराला मी पहिले काही महिने फक्त मापं घ्यायला लावतो. एक इंची नळी म्हणजे बाहेरून २५.४, पण भिंत २ मिलिमीटरची की ३ ची, यावर टिपचा गळा, म्हणजे नळीत शिरणारा भाग, ठरतो, आणि एकाच लॉटमधली नळीसुद्धा पूर्ण गोल नसते. व्हर्नियर दोन दिशांनी लावायचा. हे मी कुणी न विचारता सांगतो, कारण निम्म्या टिपा इथेच सैल होतात आणि दोष चिकटवणीला लागतो.

चिकटवणीचंही सांगून टाकतो. इन्स्टंट ग्लूने टिप लावू नका. तासाभरात भोवती पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते आणि धक्क्याला तो सांधा काचेगत सुटतो. ॲसिटोन पॉलिकार्बोनेटला लावलंत तर नळीत केसासारख्या चिरा जातात. स्क्रू घट्ट करायचं लॉकिंग लिक्विडही त्या नळीच्या जवळ नको, तेही तिला तडकवतं. पाटीवाल्यांचं क्लोरोफॉर्म चालतं, सिरिंजने सुईच्या टोकावर थेंबभर, सांध्यात ते आपोआप ओढलं जातं. पण मग पातं टिप वर करून, खालचं तोंड उघडं ठेवून रात्रभर उभं ठेवायचं. वाफ हवेच्या चौपट जड असते, ती खालून निघून जाते. आडवं ठेवलं तर वाफ आतच घुटमळते आणि सकाळी फिल्म धुरकट. खिडकी उघडी आणि पंखा बाहेर तोंड करून लावलेला हवा, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

आता वस्तादांबद्दल. कोल्हापुरात मर्दानी खेळाचा आखाडा चालवतात. लाठी, फरी-गदका, पट्टा, सगळं शिकवतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्री पोरांच्या हातात उजेडाच्या लाठ्या असाव्यात अशी त्यांची कल्पना. दोन पाती कपलरने जोडून दोन्ही टोकांना टिप, असं काम त्याआधी कुणी मागितलं नव्हतं. पहिला लॉट दिला आणि आठवड्याच्या आत फोन : "मालक, उजेड झ्याक हाय, पण टोकं उडत्यात की ओ."

कॉस्प्लेवाला, म्हणजे सिनेमातल्या पात्राचा वेश करणारा, पोरगा तलवार फोटोपुरती धरतो. वस्तादांची पोरं ती फिरवतात. वेगाने फिरणाऱ्या पात्यात टोकाला जो ओढा बसतो तो टिपच्या वजनावर अवलंबून. भरीव ॲक्रिलिकची टिप जड, म्हणून ती आधी सुटते. उपाय गोंद वाढवण्यात नव्हता, वजन कमी करण्यात होता. आम्ही टिप आतून पोकळ केली, ड्रिल आणि मग बोरिंग बार. गळा वाढवून २५ मिलिमीटर केला आणि त्यावर एक उथळ गोल खाच दिली. सांधा लावताना विरघळलेला माल त्या खाचेत बसतो आणि आतून कडं तयार होतं. लाठीच्या कामाला ॲक्रिलिक सोडून पॉलिकार्बोनेटच्याच रॉडची टिप घेतली. महाग पडते, कापायला चिवट, पण तडकत नाही. वस्तादांनी पुढे कधी भाव विचारला नाही. दर वर्षी जुनी पाती एसटीने पाठवतात, वर चिठ्ठी असते कुठलं पातं कुणाच्या हातातलं आणि कशावर आपटलं. असं गिऱ्हाईक दहा सल्लागारांच्या तोडीचं.

पोकळ टिपचा दुसरा फायदा पिक्सेल पाती आली तेव्हा कळला. पिक्सेलमध्ये मुठीतल्या एका दिव्याऐवजी नळीतच पाठीला पाठ लावून दोन एलईडी पट्ट्या जातात, मीटरला १४४ दिवे. भरीव टिपमुळे शेवटचा दिवा खाली अडतो आणि टोकाशी काळं कडं दिसतं. आमच्या टिपमध्ये पट्टी थेट आत शिरते, कडं जातं. मध्ये फोमची गोळी ठेवायची, नाहीतर पातं आपटलं की पट्टी पुढे सरकते आणि बुडाचा सोल्डर तुटतो. सोल्डरिंग आमच्याकडे सौ. करतात. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पट्ट्या आणायच्या, प्रत्येक पट्टी आधी पूर्ण पेटवून बघायची, कारण ओळीतल्या एका दिव्याने डेटा अडवला की पुढचे सगळे अंधारात. हे त्या माझ्यापेक्षा काटेकोर बघतात.

आणि आता ते प्रकरण.

आमचा माल घेऊन विकणारा एक व्यापारी होता. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, धंद्यातल्यांना माहीत आहे. सुरुवातीला पूर्ण तलवारी नेत असे. मग म्हणाला, पाती नकोत, नुसत्या मुठी द्या, पाती गिऱ्हाइकांकडे असतात. आम्ही दिल्या. तो बाहेरून स्वस्त पाती आणून आमच्या मुठीत घालून विकत होता, आणि मुठीवर आमचा स्टिकर तसाच. त्या पात्यांच्या टिपचा गळा जेमतेम १० मिलिमीटर, साधा गुळगुळीत, इन्स्टंट ग्लूने लावलेला. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दोन पोरं स्टेजवर लढत होती. एक टिप सुटली आणि पहिल्या रांगेच्या डोक्यावरून गेली. कुणाला लागलं नाही. पण व्हिडिओ झाला, त्यात मुठीवरचा स्टिकर स्पष्ट, आणि तो मोबाइलवरून मोबाइलवर गेला.

त्याच वेळी एका इव्हेंट कंपनीची मोठी ऑर्डर आमच्या हातात होती. आगाऊ थोडी, नळ्या उधारीवर उचललेल्या, रॉड कापून ठेवलेला. त्यांनी ऑर्डर थांबवली. किरकोळवालेही पैसे परत मागू लागले, त्यातल्या काहींनी तर आमच्याकडून नव्हे, त्याच्याकडून घेतलं होतं. नळीवाल्याने तगादा लावला. लेथ विकायची बोलणी एका ओळखीच्या टर्नरशी झाली होती, तो येऊन चक हलवून बघून गेला. त्या व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणे, "तुमचीच मूठ आहे ना? मग?" हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. वर तो लोकांना सांगत सुटला की पुण्याच्या मालात हा दोष पहिल्यापासून आहे.

मी इव्हेंटवाल्यांना कापलेल्या टिपा दाखवल्या, आमची आणि ती. अर्धी उभी चिरून, गळा, खाच, पोकळी सगळं उघडं. त्यांच्या मॅनेजरने मान डोलावली आणि ऑर्डर थांबलेलीच राहिली. कागदावर आणि टेबलावर कुणाला काही पटत नाही. हे वस्तादांना कळलं ते सौ.च्या फोनवरून. दुसऱ्या दिवशी ते कोल्हापूरहून निघून थेट शेडवर. मॅनेजरला बोलावलं. शेडमागे रिक्षाचा जुना टायर खांबाला बांधला. आधी आमचं पातं. वस्ताद सत्तरीच्या आसपासचे, पण खांदा बघावा. टायरवर पातं वाजत राहिलं, मॅनेजर कंटाळून खुर्चीवर बसला. मग व्यापाऱ्याकडचं पातं घेतलं. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला टिप उडाली, पत्र्यावर आपटून टणकन वाजली. वस्तादांनी उरलेली नळी मॅनेजरच्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्यो चहा प्या आता."

ऑर्डर निम्मी परत मिळाली. निम्मीच. उरलेल्या निम्म्याचा माल पुढे कॉस्प्लेत खपवला. त्यानंतर स्टिकर मुठीवर लावणं बंद, आता टिपच्या गळ्यावर लेथनेच दोन बारीक रेघा मारतो, त्या टिप काढल्याशिवाय दिसत नाहीत. तुम्ही छोटे कारखानदार असाल तर ऐका : अर्धा माल कधी देऊ नका. द्यायचाच तर नाव खरवडून द्या. आणि निम्म्याहून कमी आगाऊवर नळ्या कापू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

मधली वर्षं बरी गेली. २०१९ मध्ये फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने उजेडाच्या तलवारींच्या लढतीला खेळ म्हणून मान्यता दिल्याची बातमी आली आणि खऱ्याने लढणारी गिऱ्हाइकं वाढली, ती ३ मिलिमीटर भिंत आणि पूर्ण गोल टिपच मागतात. टोकदार टिप आम्ही लढाईच्या पात्याला देत नाही, भांडलात तरी नाही. लढा तर तलवारबाजीचा मुखवटा घालून. मुलांसाठीही आम्ही विकत नाही. २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, शिक्का सक्तीचा आहे, आमच्या बिलावर प्रौढांसाठी असं छापलेलं असतं. आणि पिक्सेलचं पांढरं पातं मागणाऱ्यांनी जादा सेल घ्यावा. पांढऱ्याला प्रत्येक दिव्यातले तिन्ही रंग पेटतात, निळ्याच्या तिप्पट करंट जातो, मग सेल लवकर उतरला म्हणून आम्हाला फोन करू नये.

तो व्यापारी अजून आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या माणसाचा फोन आला, टिपा घाऊक मिळतील का, पोकळ, लांब गळ्याच्या. सौ. म्हणाल्या, देऊ नका. मी म्हटलं, देऊ, पण किरकोळ भावाने आणि पूर्ण आगाऊ. शिवाय नळीचं आतलं माप दोन दिशांनी घेऊन पाठवा म्हणालो. पैसे दुसऱ्याच दिवशी आले. माप आलं ते पट्टीने घेतलेलं, "साधारण २१". परत पाठवलं आहे.