रातपाळीवाला

आमच्या घरात दिवसा झोपणारा एक माणूस होता. सकाळी साडेसातला यायचा. भुवयांवर, मिशीत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं तूस बसलेलं असायचं, त्यामुळे चेहरा पांढराफटक. काही न बोलता मोरीत जायचा, दोन भाकरी खायचा आणि मधल्या खोलीत आडवा व्हायचा. आई खिडकीला दोन खिळ्यांवर एक जुनी चादर अडकवायची, मोराची. बाहेर ऊन चढलं की तो विटका मोर चादरीत पेटल्यासारखा दिसायचा, आणि खोलीत बाकी सगळा अंधार. ‘आवाज केलास तर बघ,’ एवढंच आई म्हणायची. दिवेलागणीला तो माणूस उठायचा, चहा प्यायचा, रात्री डबा हँडलला अडकवून सायकलवर टांग टाकायचा आणि अंधारात निघून जायचा.

हे आमचे अण्णा. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पाळ्या फिरत्या असायच्या खरं तर, पण माझ्या आठवणीत त्यांना कायम रातपाळीच असते.

त्यामुळे ‘बंद दरवाजा’ पाहिला तेव्हा माझी जरा पंचाईत झाली. १९९० चा रामसे बंधूंचा सिनेमा. गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणला होता आणि तीन सिनेमे एका रात्रीत उरकायचे होते. हा दुसरा. लाल डोळ्यांचा, ताडमाड रक्तपिपासू, नाव नेवला, शवपेटीतून उठला तशी पोरं किंचाळून एकमेकांच्या मांडीवर. मला मात्र राहून राहून वाटत होतं, दिवसभर झोपलेल्या माणसाला ही मंडळी कशाला त्रास देतायत? आमच्या आईनं एकेकाला लाटणं दाखवलं असतं. (नेवला झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुडकीचे इंजिनिअर, हे मला फार नंतर कळलं. पोरगं इंजिनिअर व्हावं म्हणून सिद्धेश्वराला नवस बोलणाऱ्या आमच्या गल्लीला ते तेव्हा कळलं असतं, तर काय झालं असतं कुणास ठाऊक.)

त्याच सुमारास अण्णांबरोबर एकदा गेटसभेला गेलो होतो. पुढारी गरजले, ‘हे मालक आपलं रक्त पितात!’ मी पुढच्या माणसाच्या काखेतून वाकून मालक कुठे बसलेत ते शोधत होतो. सुळे बघायचे होते. पुढे कॉलेजात कळलं की ही उपमा पुढाऱ्यांच्या पदरची नव्हती. मार्क्सनं १८६७ सालीच ‘भांडवल’मध्ये लिहून ठेवलंय की भांडवल म्हणजे मेलेले श्रम, आणि ते व्हॅम्पायरसारखे जिवंत श्रम शोषून जगतात. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर तीस वर्षांनी आली, १८९७ ला. म्हणजे गिरणीवाल्यांनी रक्तपिपासू आधी ओळखला, ड्रॅक्युला मागाहून आला.

तेव्हापासून मी हे व्हॅम्पायरचे सिनेमे मिळतील तसे बघत आलोय, आणि माझी कसोटी जरा वेगळी आहे. दचकवतो किती, हे मी बघत नाही. या माणसाची रात्र कशी जाते आणि दिवस कसा, हे सिनेमाला कळलंय का, तेवढं बघतो.

१९३१ चा बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ जगात सगळ्यांना माहीत असतो. केस चप्प बसवलेले, अंगावर झगा, आणि गंमत म्हणजे सुळे एकदाही दिसत नाहीत. पण मला त्याच्यापेक्षा त्याचा जुळा भाऊ आवडतो. युनिव्हर्सल कंपनीनं त्याच सेटवर स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ काढला होता. दिवसा टॉड ब्राउनिंगचं इंग्रजी युनिट काम करायचं. ते घरी गेलं की रात्री जॉर्ज मेलफर्डची स्पॅनिश माणसं यायची. तोच जिना, तेच जाळं, तोच वाडा. सरळ दोन पाळ्या! कॅमेऱ्याचं काम स्पॅनिश सिनेमात जास्त सरस आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, ‘असणारच. रात्री साहेब नसतात.’

क्रिस्टोफर लीचा १९५८ चा ‘ड्रॅक्युला’ रंगीत. डोळ्यांत रक्त उतरलेलं, ओठांवर रक्त, आणि तो लाल रंग पडद्यावर असा चढतो की विचारू नका. तो चांगलाच आहे. पण मला १९६६ चा ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’ जवळचा वाटतो. त्यात ली अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही, नुसता फिस्कारतो. ली सांगायचे, संवाद इतके टुकार होते की मी बोललोच नाही. लेखकाचं म्हणणं, मी त्याला संवाद लिहिलेच नव्हते. कामगार आणि मॅनेजमेंटचं भांडण असंच असतं, दोन्हीकडचं ऐकावं आणि गप्प बसावं. मला पटतं ते त्याचं न बोलणं. रात्रभर सुरू असलेल्या मागांच्या खडखडाटातून बाहेर आलेला माणूस सकाळी बोलत नाही. ‘हं’ म्हणतो, तेही खूप.

मग गिरणी बंद पडली. त्यावर लिहायला बसलो तर हा लेख दुसरीकडेच जाईल. एवढंच सांगतो की अण्णा दिवसाही घरी जागे असायला लागले, आणि आमच्याकडे केबल आली. एका दुपारी कोपोलाचा १९९२ चा ‘ड्रॅक्युला’ लागला होता. गॅरी ओल्डमन म्हातारा होऊन लालभडक झग्यात वाड्यात फिरतो आणि झग्याचा घोळ मागे जमिनीवरून लांबच लांब सरपटत येतो. अण्णा भिंतीला टेकून बसले होते ते पुढे सरकले. चष्मा लावला. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत, जणू कापड हातातच आहे अशा थाटात, म्हणाले, ‘वजनदार आहे. आणि पडतं कसं बघ, घडी नाही मोडत.’ ते कपडे एको इशिओका या जपानी बाईंनी केले होते आणि त्यांना त्याबद्दल ऑस्कर मिळालं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सिनेमा मला तितकासा आवडत नाही. शेकडो वर्षं बायकोसाठी झुरणारा ड्रॅक्युला जरा जास्तच गोड आहे. पण तो झगा तेवढा आमच्या घरात पास झालेला आहे.

२००८ साली एकाच वर्षात दोन सिनेमे आले. एक ‘ट्वायलाइट’, ज्यात उन्हात गेलं की हे लोक जळत नाहीत, चमकतात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. इथे दुपारी बाराला नव्या पेठेत येऊन चमकून दाखवावं, मग बोलू. दुसरा स्वीडिश, ‘लेट द राइट वन इन’. आमंत्रण असल्याशिवाय व्हॅम्पायरला घरात पाऊल टाकता येत नाही, हा जुना नियम आहे. पण नियम मोडला तर होतं काय, हे त्यात दिसतं. ‘ये’ न म्हणता ती मुलगी आत येते, उभी राहते, आणि डोळ्यांतून, कानांतून, अंगातून रक्त पाझरायला लागतं. मी सिनेमा थांबवून पाणी प्यायलो. आपल्याकडे हा प्रसंग घडणं अवघड. दारात सावली पडायचा अवकाश, आतून ‘या की, बसा की, चहा टाकते’ आलंच.

घरकामाचा विषय निघालाच आहे तर २०१४ चा ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’. वेलिंग्टनमध्ये काही व्हॅम्पायर एकत्र खोली करून राहतात आणि भांडणाचा मुद्दा काय, तर एकानं पाच वर्षं भांडी घासलेली नाहीत. शेकडो वर्षं जगायचं तर कधीतरी भांडी घासावीच लागणार, हे बाकी कुणाला सुचलं नाही.

आणि २०२५ चा ‘सिनर्स’. काळ १९३२ चा, जागा मिसिसिपी, कापूस वेचून पोट भरणारी माणसं. दिवसभर राबून रात्री गाण्याबजावण्याला लाकूड कापायच्या एका जुन्या गिरणीत जमलेली. कापूस दिसला आणि मी सावरून बसलो. आत कोण माणूस राहिलाय आणि कोण नाही, हे ओळखायला सगळ्यांनी मुरवलेला लसूण खायचा (व्हॅम्पायरला तो सोसत नाही) असं ठरतं. बरणी फिरते, एकेक जण तोंडात टाकतो, बाकीचे श्वास रोखून बघतात. चांगलाच ताणलाय तो प्रसंग. पण मला शेजारी बसलेल्या मित्रानं कोपरानं ढोसलं, ‘का बे, ह्यांना शेंगाचटणी देऊन बघायची की!’ उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसणीचा वास पिशवीतून बाहेर येणारी. मग काय, पुढची पाच मिनिटं सिनेमा माझ्या हातून गेलाच.

आवडता एक सांग म्हटलं, तर मात्र मी मागे जातो, सगळ्यांच्या मागे. १९२२, मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’. स्टोकरच्या कादंबरीवर परवानगी न घेता काढलेला. बाईंनी, म्हणजे स्टोकरच्या विधवेनं, खटला भरला आणि कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही उरल्या म्हणून आपण बघतो. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही लंडनमध्ये हिंडतो, त्याची ताकद फक्त कमी होते. उन्हानं मरणं या सिनेमानं आणलं.

गेल्या उन्हाळ्यात रात्री साडेतीन-चारच्या सुमारास मी गच्चीवर लॅपटॉप घेऊन तो बघत होतो. खाली पंखा गरम वारा फेकत होता, झोपणं अशक्य. अण्णा तांब्या घेऊन वर आले. गिरणी सुटून इतकी वर्षं झाली, पण त्यांना रात्री झोप अशी लागत नाहीच. ‘काय लावलंयस?’ म्हणत शेजारी चटईवर टेकले. मुका सिनेमा, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. टक्कल, लांब नखं, खांद्यात मान रुतलेली, पांढराफटक चेहरा. अण्णा बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघणं टाळलं.

शेवटाला ती बाई त्याला मुद्दाम आपल्यापाशी थांबवून ठेवते. त्याला वेळेचं भान राहत नाही. कोंबडा आरवतो, तो दचकून मान वर करतो, खिडकीपाशी येतो, ऊन अंगावर पडतं, आणि जमिनीवर थोडासा धूर.

‘भोंगा चुकला त्याचा,’ अण्णा म्हणाले.

तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायले. पूर्वेला फटफटायला लागलं होतं. मग तिथंच चटईवर आडवे झाले आणि चादर डोळ्यांवर ओढून घेतली.