बटरक्रीमचा गुलाब

ताईच्या लग्नाचे कपकेक मीच करणार असं घरात सांगून टाकलंय, म्हणून दादरला रविवारचा क्लास लावला. पहिल्याच दिवशी पायपिंग बॅग (बटरक्रीम, म्हणजे लोणी-साखरेचं क्रीम, भरून पिळायची पिशवी) हातात, वन-एम नोझल (बॅगेच्या टोकाला लावायचं चांदणीच्या आकाराचं तोंड) सरळ उभं धरायचं, मधोमध सुरुवात करून बाहेर गोल गोल न्यायचं आणि शेवटी आधी दाब सोडायचा मगच हात उचलायचा, की झाला गुलाब! माझे पहिले चार बसकेच आले. बटर 32-35 डिग्रीलाच वितळतं, त्यात मुंबईची गरमी आणि हाताची ऊब, त्यामुळे बॅग मध्येमध्ये फ्रिजमध्ये ठेवायचीच, मॅडमनी सांगितलेली ही गोष्ट फार कामाची. सामान क्रॉफर्ड मार्केटातून आणलं. काल ताईच्या शालूचा मोतिया रंग जुळवत बसले, टूथपिकच्या टोकाएवढाच पिवळा, आणि पाचव्या गुलाबाच्या पाकळ्या सुट्या दिसल्या तेव्हा धावत जाऊन आईला दाखवला.