फौजेत का गेलो? तुम्ही विचारलंत म्हणून

26 जानेवारी जवळ आला की शाळेतून बोलावणं येतं. हार, नारळ, आणि बाईंनी आधीच पाठ करून घेतलेला एका पोराचा प्रश्न: 'आपण सैन्यात का गेलात?' टपरीवर हाच प्रश्न वेगळ्या सुरात येतो: 'नोकरी लागंना म्हणून गेलास न्हवं?' पहाटे माझ्याकडे भरतीसाठी पळायला येणारी पोरं आहेत, त्यांना आणखी एक जोडून विचारायचं असतं: 'सर, फौजेतली दोस्ती जन्माची असते ना?' सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढून 2018 ला हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. तेव्हापासून तिघांना तीन वेगवेगळी उत्तरं देतोय. आज एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी कागद दाखवता येईल.

शाळेत मी 'भारतमातेच्या सेवेसाठी' म्हणतो. टाळ्या पडतात. टपरीवर म्हणतो, 'पगारासाठी गेलो, अजून काय.' तिथंही माणसं खूश होतात, माणूस खरं बोलला म्हणून. पण ते दुसरं उत्तरही तेवढंच खोटं आहे. पगार तर कारखान्यातही मिळत होता. शेजारच्या गावचे दोघे माझ्याच वर्षी मुंबईला गेले, माथाडीत लागले आणि माझ्याआधी घरावर स्लॅब टाकून मोकळे झाले.

आम्ही माण तालुक्यातले. तिथला पाऊस सांगत बसत नाही. घरात सहा एकर होतं आणि त्यातलं पाच एकर दगड. सातारा जिल्ह्यात फौजेत जायला कारण लागतच नाही, न जायला लागतं. अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे आमच्याकडे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले, त्यांचा दगडी स्तंभ तिथं उभा आहे. तो पाहिला की मला नेहमी वाटतं, हे 46 जण कुठल्या देशासाठी मेले? राजा इंग्लंडचा, लढाई परमुलखातली. त्यांना शाळेत बोलावून विचारलं असतं तर काय सांगितलं असतं त्यांनी?

मी पहिल्या भरतीत छातीच्या मापात नापास झालो. 77 सेंटिमीटर पाहिजे आणि फुगवून आणखी 5. माझी 76 भरली. टेप धरणाऱ्यानं तोंडाकडे न बघताच 'नेक्स्ट' म्हटलं. वर्षभर विहिरीच्या कठड्यावर डिप्स मारले आणि 2001 ला कोल्हापूरच्या भरतीत बसलो. तात्यांना, म्हणजे वडिलांना, ते पटलेलं नव्हतं. निघताना मी पाया पडलो आणि उगाच म्हणालो, 'देशसेवेला चाललोय.' तात्या म्हणाले, 'पोटासाठी जातोयस तर पोटासाठी म्हणून जा. देशाचं नाव कशाला काढतोस?' मला फार लागलं ते. नंतर कितीतरी वर्षं मनातल्या मनात त्यांना उत्तर देत राहिलो. आजही देतोयच बहुतेक.

बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरचं वर्णन करत नाही, ज्यांना विचारायचंय त्यांनी व्हिडिओ बघून ठेवलेत. एवढंच सांगतो की रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, लागायचा तो एकट्याला कधीच नाही. एकाच्या बुटाला चमक नाही म्हणून सगळ्या स्क्वाडला फ्रंटरोल. आधी आपण त्या एकाला शिव्या घालतो, मग रात्री त्याचे बूट आपणच घासतो. प्रेमानं नाही, सकाळी कोपरं सोलवून घ्यायची नसतात म्हणून. दोस्तीची सुरुवात अशी झाली. उस्ताद, म्हणजे शिकवणारे, आम्हाला नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांची गोष्ट सांगायचे. इटलीत, एप्रिल 1945, सेनिओ नदी. दोन जखमींना एकामागून एक पाण्यातून आणि सुरुंगाच्या पट्ट्यातून पाठीवर आणलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकायचो. माझ्या मनात मात्र यायचं की पहिल्याला सोडून दुसऱ्यासाठी परत फिरताना ह्या माणसाच्या डोक्यात देश होता की तो दुसरा माणूस? उस्तादांना विचारायची टाप नव्हती.

आता परभणीची गोष्ट.

पलटणीत नावानं कमीच हाका मारतात. तो 'परभणी' आणि मी 'सातारा'. तो माझा बडी, म्हणजे जोडीदार. एकाच मोर्चात, म्हणजे बंकरात, झोपायचं आणि एकाच मगात चहा. पहिलं वर्षभर आमचं जमत नव्हतं. तो घोरायचा आणि सगळ्या गोष्टींवर त्याचं मत असायचं.

2008 च्या जानेवारीत आमची पोस्ट काश्मीरात गुरेझ खोऱ्याच्या वर होती. राझदान खिंड बर्फानं बंद झाली की खाली बांदीपोऱ्याला जाणारा रस्ता वसंतापर्यंत संपला. पोस्टवर आम्ही चौदा जण. रेशन, रॉकेल, सगळं थंडीआधीच चढवून ठेवलेलं. एका दुपारी वायरलेस सेटवर निरोप आला आणि नायब सुभेदार साहेबांनी मला बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ, बसायला सांगितलं. फौजेत कुणी वरचा माणूस 'बस' म्हणाला की समजायचं. तात्या आदल्या दिवशी गेले होते. धाकट्यानं अग्नी दिला होता.

हेलिकॉप्टरसाठी तीन दिवस कळवलं. तिन्ही दिवस ढग. चौथ्या दिवशी मीच साहेबांना म्हणालो, आता राहू द्या. कुणाची चूक नव्हती. मी संतरी ड्युटीही करत होतो. सुतक बर्फाला कळत नाही.

दहाव्या दिवशी परभणी रेझर घेऊन आला. साधा दाढीचा, दोन रुपयांची पाती. बर्फ वितळवून केलेलं पाणी बुखारीवर होतं, पण डोक्यावर लावेपर्यंत साबण खरखरायला लागायचा. कानाच्या वर दोन ठिकाणी कापलं. मी रडत होतो की थंडीनं डोळ्यांना पाणी येत होतं, मला सांगता येणार नाही. माझं झाल्यावर त्यानं तोच रेझर आपल्या डोक्याला लावला. साहेब ओरडले, 'आरं ए, बाप जित्ता हाय न्हवं तुझा? डोई करतोस व्हय?' तो म्हणाला, 'साहेब, येकट्याचं डोस्कं गार पडायलंय.' आणि करून मोकळा झाला.

मग पिंड. भात रेशनचा. काळे तीळ नव्हते, लंगरातली, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरातली, मोहरी घातली. दर्भ नव्हता, झाडूची काडी काढली. जेरीकॅनच्या झाकणावर पिंड ठेवून सगळे बंकरच्या तोंडाशी उभे राहिलो. तिथं कावळे नाहीत. पिवळ्या चोचीचे काळे पक्षी असतात, लाल पायांचे, पोस्टच्या उष्ट्यावर जगणारे. त्यातले चारपाच समोरच्या खडकावर बसून बघत होते. येईनात.

मग आपल्याकडे करतात तसं सुरू झालं, शब्द द्यायचे. एक म्हणाला, तात्या, घराचं बघतो. दुसरा म्हणाला, धाकट्याचं लग्न लावतो. ज्यांनी माझं घर पाहिलं नव्हतं ते माझ्या घराचे शब्द देत होते. मी गप्प. तात्यांची इच्छा काय होती ते मला एकट्याला माहीत होतं: पोरानं परत यावं. तो शब्द मला देता येत नव्हता. खिंड बंद होती हे एक, आणि खरं सांगायचं तर मला यायचं नव्हतं. शेवटी परभणी पुढं झाला. दोन्ही हात जोडून म्हणाला, 'तात्या, काळजी करू नगा. ह्याला म्या सोडत नसतो.'

तुम्हाला वाटेल आता पक्षी आला. नाही आला. अर्धा तास गेला, पायाची बोटं कळेनाशी झाली. मग लंगरातल्या कूकनं काय केलं, उष्टं टाकताना रोज वाजवायचा तसा थाळीवर पळा वाजवला. सगळे पक्षी एकदम उतरले आणि मोहरीसकट भात उचलून गेले.

रात्रभर बंकरमध्ये वाद. कूक म्हणे शिवला. एक बेळगावचा होता, तो म्हणे चोच पिवळी, तो कावळा धरायचा नाही. परभणी म्हणे काळं हाय ना, मग झालं. साहेबांनी निकाल दिला की साडेअकरा हजार फुटांच्या वर कावळ्याच्या जागी तोच चालतो, सरकारनं नेमलेला बदली कामगार. तात्या गेल्यावर पहिल्यांदा मी हसलो ते त्या रात्री.

त्यानंतर दर पितृपक्षात परभणीचा फोन यायचा. मी सुट्टीवर असो की दुसऱ्या पोस्टवर, हॅलो नाही, काही नाही: 'काय सातारा, शिवला का?'

इथं थांबलो असतो तर पोरांना सांगायला बरं झालं असतं.

परभणी माझ्या दोन वर्षं आधी बाहेर पडला. 2019 ला त्याचा फोन आला. पोरीला नर्सिंगला घालायची होती, 40 हजार कमी पडत होते. मी म्हणालो, 'आठ दिवसांत टाकतो.' पैसे होते माझ्याकडे, नव्हते असं नाही. पण पेन्शनीच्या वेळी मिळालेली रक्कम घराला लावायची ठरवली होती आणि त्यातले 40 हजार काढले की हिशेब बिघडत होता. नाही म्हणालो असतो तर तो दोन शिव्या देऊन विसरला असता. मी नाही म्हणालोच नाही. फोन उचलले नाहीत, एवढंच. पाचसहा आले, मग बंद झाले. त्या वर्षी पितृपक्षातही आला नाही.

माझी बाजू मी स्वतःपुढं खूप वेळा मांडलीय. बाहेर आल्यावर माणसाला संसार असतो. पोस्टवर आपलं म्हणून वेगळं काही नसतंच, रॉकेलही चौदा जणांचं, तिथं 'ह्याला सोडत नसतो' म्हणणं सोपं. पण सोपं नव्हतं ते. बाप जिवंत असताना डोई केली होती त्यानं. घरी कळल्यावर त्याची आई महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

पहाटे पळायला येणाऱ्या पोरांना अग्निवीर व्हायचंय. चार वर्षं, आणि शेवटी शंभरातल्या पंचवीस जणांनाच पुढं ठेवून घेणार. परवा त्यातल्या एकानं विचारलं, 'सर, शेजारच्याला मागं टाकल्याशिवाय राहता येणार नसेल, तर त्याचे बूट कोण घासणार?' चांगला प्रश्न आहे. मी म्हणालो, आधी सोळाशे मीटर वेळेत काढ. आमच्या वेळी शेजारच्याचं भलं झालं म्हणून माझं काही जात नव्हतं. मग आमची ती दोस्ती होती की नुसती सोय? आणि सोय असेल, तर तो रेझर कशात धरायचा?

का गेलो ते तर राहिलंच. तात्या म्हणाले तसं पोटासाठी गेलो, असं आता धरून चालतो. पण 2003 च्या दुष्काळात मी मनिऑर्डर केली ती जनावरांच्या चाऱ्यासाठी, तेव्हाच रजा शिल्लक असूनही मी घरी गेलो नाही, पलटणीच्या गणपतीला थांबलो. पोटासाठी गेलेला माणूस असं करत नाही. आणि देशासाठी गेलेला माणूस 40 हजारांचा हिशेब घालतो का, हेही मला माहीत नाही.

गेल्या पितृपक्षात तात्यांचा घास पत्र्यावर ठेवला. अस्सल कावळा, ठेवल्या ठेवल्या आला. मी तसाच आत गेलो, डोक्यातून जायच्या आत नंबर लावला. पोरानं फोन उचलला. म्हणाला, पप्पा एटीएमवर ड्युटीला गेलेत, कोण बोलायलंय?

मी म्हणालो, 'सातारा.'

'साताऱ्याहून कोण?'