गाववाल्यांच्या ताटावर उभी राहिलेली खानावळ : आमची वाटचाल

बेळगावहून निघून पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून आत वळलं की किणये मागे पडतं, झाडी दाट होत जाते आणि जांबोटी येतं. इथून पुढे कणकुंबी, मग चोर्ला घाट, मग गोवा. याच रस्त्याला लागून आमची खानावळ आहे. गोव्याला जाणारी माणसं आता मुद्दाम गाडी थांबवून जेवायला येतात. पण खानावळ त्यांच्यासाठी सुरू झाली नव्हती, आणि ती टिकली यामागचं कारणही तेच आहे असं मला वाटतं.

सासऱ्यांची आधी नुसती चहाची टपरी होती. गिऱ्हाईक म्हणजे भाजीच्या गाड्यांचे ड्रायव्हर. गोव्याच्या स्वयंपाकघरात शिजणारी भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावच्या बाजारातून जाते. मिरची, कोबी, टोमॅटो, कोथिंबीर भरून गाड्या रात्री उशिरा, पहाटे निघतात आणि उजाडायच्या आत घाट उतरतात. घाटाआधी ड्रायव्हरला कडक चहा आणि पोटाला काहीतरी गरम हवं असतं. म्हणून सासूबाईंनी भजीची कढई चढवली. पुढं उप्पीट आलं, पोहे आले. परतीच्या वाटेवर हीच माणसं जेवण मागायला लागली, तेव्हा भाकरी आली. लग्न होऊन मी आले तेव्हा पहाटे अंगणात गाडीचा दिवा पडायचा आणि हाक यायची, "वहिनी, भजी काढूलालाय की न्हाई?"

पर्यटक वाढले ते नंतर. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, सुमारे ७९२ मीटर उंचीवर. तिथं माउलीचं देऊळ आहे, त्यामुळे भाविक पूर्वीपासून यायचे. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं आणि जंगल बघणारे यायला लागले. याच जंगलातल्या बारापेडेच्या गुहांतल्या दुर्मिळ वटवाघळांची माहिती मी आमच्याच बाकड्यावर बसलेल्या अभ्यासकांकडून ऐकली. मग फोनवरचे फोटो बघून वज्रपोहा, चिखले, सुर्ला अशा धबधब्यांची नावं पुण्या-बेंगळुरापर्यंत पोचली. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी गाड्या लावायला जागा उरेना.

तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला. पनीर ठेवा, नूडल्स ठेवा, पाहुण्यांसाठी वेगळं मेनूकार्ड छापा, दर वाढवा. आम्ही घरात बसून नीट विचार केला. पावसाळ्यात इकडे वीज तासन् तास जाते. रविवारसाठी फ्रीज भरून ठेवायचा आणि बुधवारी त्यातलं निम्मं टाकायचं, हे परवडणारं नव्हतं. लांबलचक मेनू म्हणजे शिळा माल, हे खानावळ चालवणाऱ्या कुणालाही विचारा. दुसरी गोष्ट दराची. एकाच बाकड्यावर बसलेल्या मास्तरांना एक दर आणि बेंगळुराच्या पाहुण्याला दुसरा, हे सासऱ्यांना पटलंच नसतं. त्यामुळे ताट एकच राहिलं: शाळवाची भाकरी, एक रस्साभाजी, एक उसळ, लाल मिरचीचा रंजका, शेंगदाण्याची चटणी, भात, आमटी, ताक. कोंबडीचा रस्सा सांगितला तर. हंगामात खानापूरच्या लाल मातीतली रताळी मिळतात, त्याचे काप तव्यावर परतून देतो.

भाकरीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमचं नाव झालं ते तिच्यामुळे. जांबोटी हा भाताचा मुलूख, इथं शाळू पिकत नाही. तो येतो जिल्ह्याच्या कोरड्या भागातून, अथणी-सौंदत्तीकडून, नाहीतर विजापूरकडून. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहायचा गुण, जातो, मग थापताना कडा फाटतात आणि चवीलाही कडवटपणा येतो. आमच्याकडच्या ओल्या हवेत तर विरी फारच लवकर जाते. म्हणून धान्य साठवतो पण पीठ साठवत नाही. दोन-तीन दिवसांचंच दळून आणतो, पावसाळ्यात त्याहून कमी. पाण्याला आधण आलं की पिठात ओतायचं, झाकून ठेवायचं, हाताला सोसवेल इतकं निवलं की काठवटीत जोर लावून मळायचं. मळण्यात कसर केली तर पुढं काहीच सुधारत नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आलं की उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर धरायची. पापुद्रा टम्म सुटला पाहिजे. चहा आणि भाज्या गॅसवर होतात, पण भाकरीसाठी चूल ठेवली आहे आणि तिचं लाकूड मे महिन्यातच रचून, झाकून ठेवावं लागतं. शेजारच्या वाडीतल्या ज्या बायका आमच्याकडे भाकरी थापतात त्यांच्या हातावर ही खानावळ उभी आहे. गर्दीच्या दिवशी बाहेर कितीही लोक ताटकळत असले तरी त्यांना घाई करायची नाही, असा नियम मी केला आहे.

कॉफी आली बेंगळुराच्या पाहुण्यांमुळे. आमचा सगळा भाग चहाचा. कॉफी म्हणजे दुधात पूड ढवळायची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. एका पाहुण्या मावशींनी स्वयंपाकघरात येऊन फिल्टर कसा लावायचा ते दाखवलं. वरच्या भांड्यात चिकोरी मिसळलेली चिक्कमगळूरची पूड, ती हलक्या हाताने दाबायची, उकळी बसलेलं पाणी गोल फिरवत ओतायचं, आणि मग हात लावायचा नाही. थेंब थेंब उतरू द्यायचं. तो अर्क पुन्हा उकळायचा नाही, गरम हवं ते दूध. आम्ही रात्री झोपताना फिल्टर लावतो, पहाटे अर्क तयार असतो. गंमत म्हणजे आज आमच्या कॉफीचं मोठं गिऱ्हाईक पाहुणे नाहीत. बसचे कंडक्टर, शाळेतले मास्तर, दूध घालायला आलेली माणसं दुपारी 'बाय टू' सांगतात आणि एका कॉफीचे दोन पेले घेऊन अर्धा तास बसतात. बसू दे. रस्त्यावरून जाणारा नवखा माणूस गाडी थांबवतो तो बाकड्यावर गावची माणसं बसलेली दिसतात म्हणून.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. पहिला गोंधळ सरल्यावर भाजीच्या गाड्या सुरू झाल्या आणि पार्सलला परवानगी मिळाली. भाकरी-चटणी केळीच्या पानात बांधून आम्ही गाडीत देत होतो. त्या काळात चूल पेटती राहिली ती ड्रायव्हर मंडळींमुळे. आजही पावसाचा जोर वाढला की वन खातं धबधब्यांकडे जायला बंदी घालतं, आणि ते बरोबरच आहे, शेवाळलेल्या खडकांवर जीव गेलेले आहेत. अशा रविवारी पर्यटकांच्या गाड्या अचानक आटतात. आमचा गल्ला कमी होतो, पण बसत नाही. पहाटेचा आणि दुपारचा धंदा ठरलेला असतो. म्हणूनच गर्दीच्या दिवशीही दाराजवळचं एक बाकडं गाववाल्यांसाठी आणि ड्रायव्हरांसाठी राखलेलं असतं. पाहुणे आधी कुरकुरतात, मग त्याच बाकड्यावरच्या माणसांना वाट विचारतात.

काही गोष्टी आम्ही जाणूनबुजून ठेवत नाही. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, मागणारे रोज भेटतात. त्यांना आम्ही सांगतो, कुंदा बेळगावातच घ्या, जिथं रोज दूध आटवलं जातं तिथून. आमच्या दमट कपाटात ठेवलेला कुंदा विकून बेळगावच्या नावाला कमीपणा आणायचा नाही. प्लास्टिकच्या ताटल्याही नाहीत. स्टीलची ताटं घासायला दोन माणसं जास्त लागतात, पण वरच्या जंगलात आमचा कचरा जाता कामा नये.

आता हिशेब थोरली मुलगी बघते. पाटी नवीन केली, नियमाप्रमाणे वर मोठं कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी. पैसे फोनवर येतात. मागच्या बाजूला पत्र्याची शेड वाढवून दुसरी चूल घालायचं काम सुरू आहे, म्हणजे पावसाळ्यात ताटकळणं कमी होईल. तोवर रविवारी येणाऱ्यांनी एकतर साडेअकराच्या आत यावं, नाहीतर दोननंतर. कोंबडीचा रस्सा हवा असेल तर आदल्या संध्याकाळी सांगावं. आणि भाकरी संपली असं सांगितलं तर भात घ्यावा. तो इथल्याच शेतातला आहे.