आडनाव एक, घराणी अनेक

बातमीत नुसतं 'पाटील' छापलं असेल तर नक्की कोण, हे कळायला मार्ग नसतो. संदीप पाटील 1983 च्या विश्वविजेत्या संघात होते, स्मिता पाटील सिनेमात, वसंतदादा मुख्यमंत्री, प्रतिभाताई राष्ट्रपती. पाटीलकी हे गावचं वतन. जितकी गावं तितके पाटील, आणि तेही वेगवेगळ्या जातींचे. देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावंही अशीच हुद्द्यावरून आलेली. त्यांच्यावरून नातं जोडायला जाऊच नये.

मग माणूस ओळखायचा कसा? आधी मधलं नाव बघायचं. विधिमंडळात कित्येक वर्षं दोन जयंत पाटील होते. इस्लामपूरचे जयंत राजाराम पाटील विधानसभेत, तर शेकापचे जयंत प्रभाकर पाटील विधान परिषदेत. 'आमदार जयंत पाटील म्हणाले' एवढंच वाक्य पुढे पाठवलं की एकाचं विधान दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. उमेदवाराच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रात पूर्ण नाव असतं, खात्री करायची तर तिथे करावी.

पण मधल्या नावावरही डोळे झाकून विसंबू नये. सुशीलकुमार शिंदे आणि एकनाथ शिंदे, दोघेही मुख्यमंत्री झाले आणि दोघांच्याही वडिलांचं नाव संभाजी! एक सोलापूरचे, दुसरे मूळ साताऱ्याकडचे आणि राजकारण ठाण्यातलं. समाजही वेगळे. इथे गाव आणि मतदारसंघ बघितल्याशिवाय निभाव लागत नाही. पृथ्वीराज दाजीसाहेब चव्हाण यांच्या बाबतीत आणखी वेगळी अडचण. वडील आनंदराव, पण दाजीसाहेब म्हणून ओळखले जायचे आणि मुलाच्या नावात तेच आलं. आनंदराव शोधत बसलं तर धागा तुटतो.

चव्हाणांचा गुंता तर फार जणांना नडतो. शंकरराव आणि अशोकराव हे नांदेडचे बापलेक, दोघेही मुख्यमंत्री. 2010 मध्ये अशोकरावांच्या जागी पृथ्वीराज आले, पण ते कराडच्या घरातले. यशवंतरावांचंही राजकारण कराडचंच, म्हणून पृथ्वीराज त्यांचे चिरंजीव असा समज सहज होतो. तो चुकीचा.

गावावरून पडलेली 'कर' आडनावं त्यामानाने सोपी, तरी तेंडुलकरांपाशी जपून. नाटककार विजय तेंडुलकर, त्यांची अभिनेत्री मुलगी प्रिया, गांधीजींचं आठ खंडी चरित्र लिहिणारे डी. जी. तेंडुलकर, दारिद्र्यरेषेच्या समितीचे अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर आणि सचिन. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर कवी होते. दोन्हीकडे साहित्य असल्यामुळे सचिनला विजय तेंडुलकरांच्या घरात बसवणारे भेटतात. सचिन रमेश तेंडुलकर, हे पूर्ण नाव लिहिलं की प्रश्नच मिटतो.

बायकांच्या नावांत सर्वांत जास्त चुका होतात, कारण इथे ठरावीक नियमच नाही. आशा भोसले माहेरच्या मंगेशकर. प्रतिभा देवीसिंह पाटील यांचं मधलं नाव पतीचं, आडनाव मात्र माहेरचं; पती शेखावत. म्हणून बाईंच्या नावावरून 'अमक्याची लेक, तमक्याची सून' असं लिहिण्याआधी माहेर आणि सासर दोन्ही तपासावं. मला तर सगळ्या पडताळणीत हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते, कारण खरी नाती बरेचदा आडनाव बदलतं तिथेच सापडतात. 1951 मध्ये दिल्ली कसोटीत इंग्लंडचे एका डावात 91 धावांत सहा बळी घेणारे लेगस्पिनर सदू शिंदे घ्या. शिंदे मुख्यमंत्र्यांच्या यादीत त्यांचं घर शोधून उपयोग नाही. त्यांची मुलगी प्रतिभा ही शरद पवारांची पत्नी, म्हणजे सदू शिंदे हे पवारांचे सासरे.