माझा अनुभव: चावट पुस्तक छापून घ्यायचं म्हणजे

मी स्टँडअप करते, मूळची लातूरची. स्टेजवर ज्या किश्शांवर पोट भरतं ते बहुतेक डेटिंगचेच, म्हणजे ॲपवर भेटलेली माणसं, एका कॉफीत संपलेली, एका रात्रीत संपलेली, आणि काही तर रात्र निम्मी व्हायच्या आतच संपलेली. त्याचं पुस्तक करायचं ठरवलं. लिहून पटकन झालं, ते सोडा. छापून हातात येईपर्यंत काय काय झालं ते सांगते, कारण सारखं कुणी ना कुणी विचारायलंय.

आधी ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना विचारणं आलं. पुण्यामुंबईत "एक इंजिनियर" म्हटलं की भागतं. आपल्याकडं "उदगीरचा, बुलेटवाला, खताचं दुकान" एवढं जरी लिहिलं तरी संध्याकाळपर्यंत पुस्तक त्याच्या सासऱ्याच्या हातात. म्हणून गावं बदलली, धंदे बदलले, एकाच्या बुलेटची स्कूटी केली (त्याला बाकी कशाचं नाही, याचंच वाईट वाटलं), आणि ज्याचं त्याचं प्रकरण ज्याला त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. मला वाटलं लोकं घाबरतील, तर एकजण म्हणतो "खरं नाव टाक की, काय होतंय." म्हटलं बाबा, शेवटचं पान वाच आधी. थोड्या वेळानं फोन, आवाज एकदम खाली.

"अगं मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते."

"घोरत होतास."

"दिवसभर गाडी चालवून आलतो गं, तेवढं तरी लिही."

लिहिलं. माणसाला स्वतःचा चावटपणा छापून आलेला चालतो, दम कमी पडलेला चालत नाही, हे मात्र सगळीकडं सारखंच दिसलं. एकाचं लग्न ठरलं होतं, तो म्हणाला काढून टाक, ते अख्खं प्रकरण काढलं. काय होतं ते सांगत नाही, शब्द दिलाय.

मग वकीलकाका. त्यांनी सगळं वाचलं, लॉजच्या लोखंडी पलंगाचा पाय मोडतो आणि मॅनेजर एक शब्द न बोलता वीट घेऊन येतो तिथं हसले, आणि चष्मा पुसून कलमावर आले. अश्लील पुस्तकाचं कलम आधी २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९४, पहिल्यांदा दोषी ठरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. पण सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच सांगितलंय की मजकूर अख्खा बघायचा आणि आजच्या समाजाच्या मापानं बघायचा, एखादी ओळ सुटी काढून नाही. "तुझ्या पुस्तकाला खरी भीती बदनामीची," काका म्हणाले. म्हटलं पण खरंय ना सगळं. तर म्हणे नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगण्यात लोकहित पण लागतं. आता माणूस ऐन वेळी घोरायला लागला यात लोकहित काय ते कोर्टाला कसं पटवायचं, तुम्हीच सांगा.

आणि त्यांनी लातूरचीच केस काढली. १९९४ साली बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात गांधीजींवरची एक कविता छापून आली, अश्लीलतेचा गुन्हा लातुरात दाखल झाला, तोही गांधी चौक पोलीस ठाण्यात. २०१५ ला सुप्रीम कोर्टानं प्रकाशकाला सोडलं, कारण त्यानं पुढच्याच अंकात माफी मागितली होती. मुद्रकालाही सोडलं. कवीला मात्र खटल्याला सामोरं जा म्हणाले.

मी हे प्रेसवाल्या दादांना जाऊन सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "छापणारा सुटला ना? मग द्या पेनड्राइव्ह."

मधी घरचं पण निस्तरायचं होतं. आई काही बोलली नाही, मामा बोलले. मामा रिटायर्ड मराठीचे मास्तर, "आपल्या मातीत असलं लिहीत नाहीत" वगैरे. म्हटलं मामा, पैठण कुठं आलं? हाल सातवाहनाची गाथा सप्तशती आपल्याच मातीतली, आणि त्यात ती बाई वाटसरूला काय सांगायलीय, इथं सासू झोपते, इथं मी झोपते, नीट बघून ठेव, रातआंधळ्या, रात्री आमच्या खाटेवर पडशील. मामा म्हणाले ते प्राकृतात आहे. म्हणजे वाचलंय त्यांनी!

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीहून राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज, एजंटला पैसे देऊ नका. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणं पुस्तक निघालं की तीस दिवसात एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवावी लागते. तो मोडका पलंग आता सरकारदरबारी जमा आहे.

अडलं शेवटी फर्म्यावर. सोळा पानांचा एक फर्मा, पुस्तक बरोबर नऊ फर्म्यांचं बसवलेलं, आणि ते लग्नवाल्याचं प्रकरण काढल्यामुळं आठ पानं रिकामी. दादांचा फोन, मागं मशीनचा आवाज, "मॅडम, आठ पानं राहायलीत, अजून एखादं प्रकरण असंल तर बघा." माझ्याकडं होती, पण परवानग्या काढत कोण बसणार परत. ती पानं कोरीच सोडली, वर "वाचकांच्या नोंदीसाठी" असं छापून. पहिल्याच प्रदर्शनात साठीच्या एका काकूंनी पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं, कोरी पानं बघितली, विकत घेतलं आणि मला म्हणाल्या, "एवढ्या पानात माझं नाही बसायचं गं."