आमची वाटचाल : खडखड नेमकी कुठून येते?

आमच्या गॅरेजात इंजिन उघडत नाही, एसी भरत नाही, डेंटिंग-पेंटिंगही होत नाही. गाडीची बॉडी आणि टायर यांच्या मधे जे काही असतं, म्हणजे शॉकअप, स्प्रिंग, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), बुश (सांध्यात बसणारी नळी), बॉल जॉइंट (गोळीचा सांधा), लिंक रॉड, स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग), थोडक्यात सस्पेन्शन आणि स्टेअरिंग, तेवढंच आम्ही बघतो. तेही मुख्यतः दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाड्यांचं. कोल्हापुरात एवढ्यावर पोट भरेल का, असं सुरुवातीला घरच्यांपासून सगळ्यांनी विचारलं. गगनबावड्याचा आणि आंबा घाटाचा रस्ता, आणि गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्यांनी उखडून ठेवलेले गावाकडचे रस्ते, यांच्या भरवशावर आम्ही हो म्हणालो.

बाबांचा हात अॅम्बेसेडर आणि महिंद्राच्या जीपवर बसलेला. पाटे, किंगपिन (ज्याच्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा) आणि जागोजागी ग्रीसचे निप्पल, असा तो कारभार. वेळच्या वेळी ग्रीस मारलं की वर्षानुवर्षं चालायचं. झिजलंच तर उद्यमनगरात दोन गल्ल्या ओलांडून लेथवर बुश करून आणायचा, रीमर मारून भोक मापात करायचं, गाडी चालू. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 बाजारात आली आणि हळूहळू हे सगळं बदललं. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात), कायमचे बंद बॉल जॉइंट, ग्रीस मारायला जागाच नाही. "हिच्यात आपण करायचं काय? सगळं रबरच आहे," असं बाबा वैतागून म्हणायचे. त्यांचं बरोबर होतं. दुरुस्त करण्यासारखं त्यात फार नव्हतं. पण रबर गाडी उभी असली तरी म्हातारं होतं, तडकतं, लोखंडापासून सुटतं, आणि पाच-सहा वेगवेगळ्या जागांचा आवाज गाडीत बसलेल्या माणसाला एकसारखाच ऐकू येतो. ती जागा शोधणं हेच आता काम आहे, हे मला मी नोकरी करत होतो त्या वर्कशॉपमध्ये कळलं. बाबांनी जागा दिली आणि 2000 नंतरच्या त्या वर्षांत आम्ही बाकीची कामं एकेक करून बंद केली.

सगळ्यात जास्त वाद झाला तो तपासणीचे पैसे घेण्यावरून. गाडी नुसती बघून सांगायचे पैसे घ्यायचे आणि काम इथंच केलं तर ते बिलातून वजा करायचे, असं ठरवलं. "नुसतं बघायचं पैसं घेताय व्हय?" हे वाक्य आम्ही पुढची कित्येक वर्षं ऐकलं. काही जण गाडी वळवून गेले. माझं मत आजही तेच आहे. तपासणी फुकट असली की मेकॅनिकला पार्ट विकूनच पैसे काढावे लागतात, आणि मग निदानही विकायच्या पार्टकडेच झुकतं.

तपासणी सुरू होते ती गाडीत बसून. मालकालाच चालवायला सांगतो, कारण आवाज कुठे येतो ते त्याच्या पायाला आणि हाताला माहीत असतं. बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर सावकाश जाताना टकटक येत असेल तर आधी लिंक रॉडवर संशय. ब्रेक दाबल्यावर किंवा सोडल्यावर एकच "धप्प" येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना कुरकुर होऊन झटका बसत असेल तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग. हे तपासायला यंत्र लागत नाही. एकाने स्टेअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगला हात लावून बसायचं, अडकून सुटणारी स्प्रिंग बोटांना कळते. मग गाडी जॅकवर. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ (ढिलेपणा) लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून लागला तर टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारा सांधा) किंवा रॅक. टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलताना दुसऱ्याची नजर बॉल जॉइंटवर हवी. टायरही बोलतो. घेराभर चढउतार लागत असतील तर शॉकअप मेलेले, फक्त आतली कड खाल्लेली असेल तर अलाइनमेंट किंवा बुश. बोनेट दाबून गाडी किती हिंदकळते ते बघायची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिच्यात पूर्ण गेलेलेच शॉकअप सापडतात. अर्धे गेलेले त्यात पास होतात.

आयटीआयतून येणाऱ्या पोरांना आम्ही सुरुवातीला पान्हा हातात देतच नाही. नुसतं हलवून बघ आणि काय लागलं ते सांग. कंटाळून काही जण निघून जातात, पण जे टिकतात ते फार तयार होतात.

गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त गुरुजींची जुनी सँट्रो आली होती. पुढचे दोन्ही शॉकअप बदललेले, मग दोन्ही लोअर आर्म बदललेले, तरी खडखड होतीच. गुरुजी वैतागून म्हणाले, "विकून टाकू का सांगा." गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी केली, चाकं जमिनीवर, एकाने स्टेअरिंग अगदी थोडं, दोन बोटं इकडे-तिकडे हलवत राहायचं, आणि खालून मी रॅकवर हात ठेवला. ठक-ठक हातात आली. सस्पेन्शन चांगलंच होतं, खेळ स्टेअरिंग रॅकच्या आत होता. नव्याने बसवलेले पार्ट चुकीचे नव्हते, फक्त त्यांची गरज नव्हती. गुरुजींनी गाडी ठेवली.

लिफ्टचं एक सांगायलाच हवं. धंदा जमल्यावर आम्ही दोन खांबांची लिफ्ट घेतली. तिच्यावर चाकं अधांतरी लोंबतात, काम झटपट होतं. पण लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट त्या अवस्थेत शेवटपर्यंत आवळले की गडबड होते. आतली लोखंडी नळी बोल्टाने पकडून ठेवलेली असते आणि रबर त्या लोंबत्या स्थितीत गोठतं. गाडी खाली उतरली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. मग ग्राहक म्हणतो, पार्ट डुप्लिकेट होता. म्हणून लिफ्टवर बोल्ट फक्त बसवायचे, आणि शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, खड्ड्यातून. बाबांनी खणलेला तो खड्डा बुजवून फरशी घालायचा विचार होता, तो आम्ही सोडून दिला.

शॉकअप जोडीनेच बदलतो, एका बाजूचा नवा आणि दुसरा थकलेला ठेवला की ब्रेकला गाडी एकीकडे ओढते. नुसती तेलाची ओल दिसली म्हणून बदलत नाही. तेल खाली ओघळलं असेल तरच. स्प्रिंग कंप्रेसरने पूर्ण दाबल्याशिवाय स्ट्रटचा वरचा नट कोणी सोडायचा नाही, इथं मी ओरडतो, कारण ती स्प्रिंग माणूस मारू शकते. तेल-गॅस भरून "रिपेअर" केलेले शॉकअप आणि वेल्डिंग मारून घट्ट केलेले बॉल जॉइंट आम्ही बसवत नाही, ग्राहकाने कितीही गळ घातली तरी. बॉल जॉइंट सुटला की चाक आडवं होतं, आणि ते करूळ घाटात होऊ शकतं. काढलेला जुना माल पिशवीत घालून डिकीत ठेवतो. कोणी म्हणतं, हे कशाला, भंगारात टाका. टाका तुम्हीच, पण आधी हलवून बघा.

ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर एक वेगळंच काम आलं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं इंजिन आणि सीट लोकांनी लगेच साफ करून घेतल्या. पण फाटक्या रबरी टोपीतून बॉल जॉइंटमध्ये आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये गेलेला गाळ तसाच राहिला. दिवाळीच्या सुमारास त्या गाड्या गुणगुणत आल्या. डावीकडे वळताना आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, कारण भार तिकडे पडतो. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा जुने ग्राहक पूर ओसरताच स्वतःहून आले.

1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षं झालेल्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 रुपये झाली. काहींनी गाड्या काढल्या. पण ज्यांनी ती फी भरली त्यांनी आणखी पाच वर्षं ठेवायचं ठरवलेलंच असतं, म्हणून ते समोरचं सगळं एकदम करून घ्यायला तयार असतात. मी त्यांना थांबवतो. आधी खेळ असलेलं बदलू, मग अलाइनमेंट, मग महिनाभर चालवून या.

आता खरी अडचण पार्टची आहे. मारुतीच्या जुन्या झेन, एस्टीम यांचे चांगले आर्म दुकानात सहज मिळत नाहीत. बुश असेल तर जुन्याचं माप घेऊन रबर नव्याने चिकटवून देणारे लोक उद्यमनगरात अजून आहेत आणि ते काम टिकतं. बॉल जॉइंटसकट आर्मच लागला तर जुगाड करत नाही, गाडी उभी ठेवा म्हणून सांगतो. सध्या एका एस्टीमवाल्यासाठी पुण्याच्या नाना पेठेत फोन चालू आहेत. उजवा आर्म मिळाला, डाव्याला दुकानदाराने पुढच्या आठवड्याचा वायदा दिलाय.